नोंद जपली, पण वाचता येते का ?

१९९७ ते २००० या काळात मी पूर्व भारतातील एका केंद्रीय कार्यालयात सहायक संचालक होतो. दर शुक्रवारी सायंकाळी तेथील संगणक कक्षातून माझ्याकडे एक लांबट नोंदवही येत असे. तिच्यात चार रकाने होते : दिनांक, फितीचा क्रमांक, "बॅकअप घेतला" हा शेरा आणि स्वाक्षरी. तीन वर्षांत मी अशा सुमारे दीडशे स्वाक्षऱ्या केल्या असतील. त्या फितींवरून एखादी तरी फाईल परत आणून पाहिली आहे का, हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. नोंदवहीत तसा रकानाच नव्हता.

१९९९ साली, शतक पालटताना जुने संगणक दगा देतील या धास्तीने, त्या कार्यालयातील युनिक्सवर चालणारा जुना संगणक निकाली काढण्याचे ठरले. निर्लेखन समितीत मी होतो. संगणक, त्याचे पडदे, छपाईयंत्र आणि फीत वाचणारे यंत्र असा सगळा संच भंगारात गेला. फिती मात्र पोलादी कपाटात जपून ठेवल्या, कारण त्या "शासकीय अभिलेख" होत्या. फीत वाचणारे यंत्र हाही त्या अभिलेखाचाच भाग आहे, हे समितीतील आम्हा तिघांपैकी कोणाच्याही ध्यानात आले नाही.

योगायोगाने २००५ साली मी त्याच कार्यालयात कार्यालयप्रमुख म्हणून परत गेलो, आणि पहिल्याच महिन्यात एक आदेश समोर आला. रोजंदारीवर काम केलेल्या २३ जणांचा जुना दावा होता. केंद्र शासनाने १० सप्टेंबर १९९३ रोजी रोजंदारी कामगारांना तात्पुरता दर्जा देण्याची योजना काढली होती. वर्षभरात २४० दिवस, आणि पाच दिवसांचा आठवडा असलेल्या कार्यालयात २०६ दिवस, काम केलेले असेल तर हा दर्जा मिळे. पुढे सेवा नियमित झाल्यास त्या काळातील निम्मी सेवा निवृत्तिलाभासाठी धरली जाई. आमच्या कार्यालयाने या २३ जणांना "दिवस भरत नाहीत" असे सांगून परत पाठवले होते. न्यायाधिकरणाचे म्हणणे साधे होते : मूळ नोंदी तपासा आणि सकारण आदेश काढा.

कागदी हजेरीपट मुदत संपल्यामुळे नियमानुसार नष्ट झाले होते. १९९२-९३ सालची हजेरी उरली होती ती फक्त कपाटातील तीन फितींवर. त्यांचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. त्याआधी थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे, कारण ही अडचण आमच्या एका कार्यालयापुरती नव्हती. संगणकाच्या जन्मापासून ती त्याच्या सोबत आहे.

कागद आहे, वाचक नाही

मराठी माणसाला ही गोष्ट समजावून सांगण्यास फार लांब जावे लागत नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद दोन-अडीचशे वर्षे टिकले. त्यांतील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध केले. परंतु दफ्तराचा फार मोठा भाग मोडीत आहे, आणि मोडी सहज वाचणारी माणसे आज थोडी आहेत. कागदाला वाळवी लागली नाही, शाई उडाली नाही, तरीही सामान्य मराठी वाचकाला तो कागद मुका आहे. म्हणजे जपणूक यशस्वी झाली, पण वाचनाची सोय मागे पडली.

संगणकीय नोंदीच्या बाबतीत हेच घडते, फक्त दोनशे वर्षांऐवजी दहा वर्षांत घडते. शिवाय मोडीचा कागद समोर धरला तर तो मोडी आहे एवढे तरी कळते. चुंबकीय फितीकडे पाहून काहीच कळत नाही.

दोन यंत्रे, दोन बाराखड्या

अमेरिकेच्या जनगणना विभागाने १९५१ साली युनिव्हॅक हा संगणक घेतला. तेव्हापासून शासकीय माहिती चुंबकीय फितीवर ठेवण्याची वहिवाट सुरू झाली. संगणकाला अक्षरे कळत नाहीत, अंकच कळतात, म्हणून कोणत्या अक्षराला कोणता अंक हे आधी ठरवावे लागते. १९६३ साली अमेरिकेत अ‍ॅस्की नावाची प्रमाण संकेतावली ठरली. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९६४ मध्ये, आयबीएमने सिस्टिम ३६० ही संगणकमालिका जाहीर केली आणि तिच्यासाठी एबसिडिक ही वेगळी संकेतावली वापरली. व्यवहारात एकाच भाषेच्या दोन बाराखड्या झाल्या.

हा फरक केवळ अक्षरे बदलून संपत नाही. अ‍ॅस्कीच्या क्रमात अंक आधी येतात आणि अक्षरे नंतर. एबसिडिकमध्ये अक्षरे आधी, अंक नंतर. त्यामुळे एका यंत्रावर क्रमाने लावलेली यादी दुसऱ्या यंत्रावर नेली, प्रत्येक अक्षर अचूक बदलले, तरी ती यादी नव्या यंत्राच्या दृष्टीने विस्कटलेली असते. क्रम गृहीत धरून शोध घेणारा प्रोग्राम मग "नोंद आढळली नाही" असे सांगतो. नोंद तेथेच असते.

भारतात याला आणखी एक पदर होता. साठीच्या दशकात रेल्वेसह अनेक मोठ्या संस्थांत आयबीएमचे १४०१ हे संगणक आले. सिस्टिम ३६० ची अंतर्गत रचना त्यांच्यापेक्षा सर्वस्वी निराळी होती. म्हणून आयबीएमने ३६० च्या लहान यंत्रांत १४०१ ची नक्कल करणारी सोय ठेवली, जेणेकरून जुने प्रोग्राम चालावेत. जुने यंत्र गेले तरी त्याचे सोंग नव्या यंत्राने घ्यावे, ही युक्ती आजही सर्वांत उपयोगी ठरते. १९७८ साली आयबीएमने भारतातील व्यवसाय आवरला आणि तिच्या यंत्रांच्या देखभालीची जबाबदारी सीएमसी या सार्वजनिक कंपनीकडे आली. ज्याने यंत्र बनवले तो कायम शेजारी असेल असे गृहीत धरू नये, हा धडा भारतीय प्रशासनाला तेव्हाच मिळालेला होता.

अंड्याचे टोक

दुसरा झगडा अंकांचा आहे. मोठी संख्या संगणकात एकाहून अधिक घरांत मांडतात. मोठ्या किमतीचे घर आधी ठेवायचे की लहान किमतीचे, यावर संगणक बनवणाऱ्यांत एकमत झाले नाही. मोटोरोलाच्या त्या काळच्या प्रसिद्ध प्रोसेसरांनी एक पद्धत घेतली, इंटेलने दुसरी. डॅनी कोहेन या संगणकतज्ज्ञाने १ एप्रिल १९८० रोजी या वादावर एक टिपण लिहिले आणि गलिव्हरच्या प्रवासातील गोष्टीचा दाखला देऊन दोन्ही पक्षांना "बिग एंडियन" आणि "लिटल एंडियन" ही नावे दिली. त्या गोष्टीत अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून दोन राज्यांत युद्ध होते.

नावे गमतीची असली तरी परिणाम गमतीचा नाही. दोन घरांत लिहिलेली २४० ही संख्या उलट क्रमाने वाचली तर ६१,४४० होते. फाईल पूर्ण आलेली असते, एकही अक्षर गळालेले नसते, आणि तरीही प्रत्येक आकडा चुकलेला असतो.

या पार्श्वभूमीवर बेल प्रयोगशाळेत घेतल्या गेलेल्या एका निर्णयाचे मला फार कौतुक वाटते. युनिक्सची सातवी आवृत्ती जानेवारी १९७९ मध्ये आली आणि तिच्याबरोबर "टार" नावाचे साधन आले. अनेक फाईली एकामागून एक फितीवर ठेवायच्या आणि प्रत्येकीच्या आधी ५१२ घरांचे एक शीर्षक लिहायचे, एवढेच त्याचे काम. त्या शीर्षकात फाईलचा आकार, तारीख आणि मालकाचा क्रमांक हे सर्व यंत्राच्या खाजगी पद्धतीने न लिहिता साध्या अक्षरी अंकांत लिहिले. त्यामुळे थोडी जागा जास्त लागली. पण कोणत्याही टोकाने अंडे फोडणारे यंत्र ते शीर्षक वाचू शकले. त्याच काळातील काही अन्य साधनांनी जागा वाचवण्यासाठी यंत्राची स्वतःची पद्धत वापरली आणि त्यांच्या फिती दुसऱ्या यंत्रावर अडखळल्या. टारचे मूळ रूप चार दशकांनंतरही वाचता येते. पाटबंधारे खात्यात जसे म्हणतात की धरण भरले म्हणजे पाणी शेतात पोचले असे नव्हे, मध्ये कालवे आणि चाऱ्या लागतात, तसेच हे आहे. टारने चारी आधी खणली.

आलेली फाईल पूर्ण असते का ?

वैयक्तिक संगणक आल्यावर अडचणींचे स्वरूप बदलले. डॉसमध्ये फाईलचे नाव आठ अक्षरे आणि पुढे तीन अक्षरे एवढेच असे. १९९५ साली विंडोज ९५ ने लांब नावे दिली, पण डॉसच्या जुन्या साधनांनी बॅकअप घेतला तर ती लांब नावे गळून पडत. युनिक्समध्ये रोमन लिपीतील लहान आणि मोठी अक्षरे वेगळी मानतात, म्हणून एकाच कप्प्यात केवळ अक्षराच्या आकाराने वेगळ्या अशा दोन फाईली सुखाने नांदतात. विंडोज सर्वसाधारणपणे त्यांना एकच समजते. अशा दोन फाईली तेथे उतरवल्या तर दुसरी पहिलीवर बसू शकते. शेवटी मोजदाद केली नाही तर एक फाईल गेली हे कोणालाही कळत नाही.

वेळेचेही तसेच. डॉसच्या पद्धतीने रचलेल्या फ्लॉपीवर फाईलची वेळ स्थानिक घड्याळाप्रमाणे लिहिली जाते आणि कोणत्या देशाचे घड्याळ हे कोठेही लिहिलेले नसते. युनिक्स मात्र १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद जागतिक वेळेनुसार मोजते. नव्या यंत्रावर भारतीय वेळेची मांडणी केलेली नसेल तर फाईलची वेळ साडेपाच तासांनी सरकते. कार्यालयीन चौकशीत "हे टिपण बैठकीपूर्वी तयार होते की नंतर" असा प्रश्न असेल तर साडेपाच तास पुरेसे असतात. एक्सेलच्या तक्त्यांत तर मॅकिंटॉशवरील जुन्या आवृत्त्या १९०४ पासून दिवस मोजत आणि विंडोजवरील १९०० पासून. एका तक्त्यातील तारखा नुसत्या उचलून दुसऱ्यात ठेवल्या तर १,४६२ दिवसांचा, म्हणजे चार वर्षे आणि एक दिवस एवढा फरक पडतो.

मालकीचा प्रश्न प्रशासकाला विशेष रुचेल असा आहे. युनिक्समध्ये फाईलचा मालक मुळात नावाने नव्हे तर क्रमांकाने ठरतो. जुन्या यंत्रावर १०५ क्रमांक लेखापालाचा असेल आणि नव्या यंत्रावर तोच क्रमांक दुसऱ्या कोणाला दिलेला असेल, तर जशाच्या तशा उतरवलेल्या फाईलींचा मालक तो दुसरा माणूस होतो. यंत्राला खुर्ची कळते, खुर्चीवरचा माणूस कळत नाही.

आणि एकाच कंपनीची यंत्रणा वापरली म्हणजे आपण सुरक्षित, हेही खरे नाही. विंडोज एनटीपासून एक्सपीपर्यंत बॅकअपसाठी एनटीबॅकअप हे साधन होते. २००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा बाजारात आले तेव्हा ते साधन काढून टाकलेले होते. जुने बॅकअप उघडण्यासाठी मायक्रोसॉफ्टला वेगळे साधन द्यावे लागले. ते साधन आहे हे ज्याला ठाऊक होते, त्याचे काम झाले.

आचारी आणि आचार्य

भारतीय भाषांच्या वाट्याला यापेक्षा अधिक आले. १९८८ साली इस्की ही संकेतावली तयार झाली आणि १९९१ साली भारतीय मानक संस्थेने ती प्रमाण म्हणून स्वीकारली. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिपींना समान क्रमांक देण्याची तिची कल्पना दूरदृष्टीची होती. १९९१ सालीच आलेल्या युनिकोडमधील भारतीय लिपींची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे. इस्कीत क चा क्रमांक १७९ आणि युनिकोडमध्ये २३२५, एवढे कळले की एकातून दुसऱ्यात जाणे अवघड नाही.

पण कार्यालयांत आणि छापखान्यांत प्रत्यक्ष वापर झाला तो निरनिराळ्या फाँटचा. त्यांत संगणकाच्या लेखी रोमन अक्षरेच साठवली जात आणि पडद्यावर त्यांना देवनागरी आकार दिला जाई. प्रत्येकाचा आकारांचा क्रम वेगळा. फाँट गेला की उरते ती अर्थहीन रोमन अक्षरांची रांग. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरीची सोय यंत्रणेतच आली, पण तोवर दहा-बारा वर्षांचा मजकूर या फाँटमध्ये जमा झालेला होता.

मी ज्या शहरात होतो तेथील महाराष्ट्र मंडळाची एक जुनी स्मरणिका आम्ही काही जणांनी अशाच फाँटमधून युनिकोडमध्ये आणली. रूपांतर करणारा प्रोग्राम दुसऱ्या कोणत्या तरी भाषेसाठी लिहिलेला असावा, कारण मराठीतील दऱ्या, पऱ्या यांतला ऱ्य त्याला ठाऊक नव्हता. त्याने सगळीकडे सरळ रफार दिला. दऱ्यांचा दर्या झाला. गणेशोत्सवात तीनशे पाने वाढणाऱ्या आचाऱ्यांचे आभार मानलेले होते, ते आचार्यांचे आभार झाले. आम्ही पुष्कळ हसलो. पण शब्दशोधनाच्या दृष्टीने "आचार्य" हा निर्दोष शब्द आहे. कोणतेही यंत्र ही चूक पकडणार नव्हते. ती पकडली त्या वर्षी पंगतीत वाढलेल्या एका काकूंनी.

जगातील दोन उदाहरणे

इंग्लंडमध्ये १०८६ साली राजाने देशभरातील जमीन, गुरेढोरे आणि करदात्यांची पाहणी करून घेतली. तो डोम्सडे ग्रंथ आजही वाचता येतो. त्याच्या नऊशेव्या वर्षी, १९८६ मध्ये, बीबीसीने तशीच नवी पाहणी केली. दहा लाखांहून अधिक लोकांनी, विशेषतः शाळांतील मुलांनी, आपापल्या गावाची माहिती आणि छायाचित्रे पाठवली. ही सामग्री दोन मोठ्या लेसर तबकड्यांवर ठेवली गेली. त्या वाचण्यासाठी एक ठरावीक संगणक आणि एक ठरावीक तबकडीवाचक लागे. दोन्ही बाजारातून गेले आणि २००२ च्या सुमारास ही माहिती कायमची हातातून जाते की काय अशी भीती निर्माण झाली. लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या कॅमिलियन प्रकल्पाने नव्या संगणकाकडून जुन्या संगणकाचे सोंग वठवून ती पुन्हा उघडली, आणि २०११ मध्ये त्यातील गावोगावची माहिती लोकांना महाजालावर पाहता आली. नऊशे वर्षांपूर्वीचे चर्मपत्र वाचता येत होते, सोळा वर्षांपूर्वीची तबकडी वाचण्यासाठी संशोधन करावे लागले.

दुसरे उदाहरण अमेरिकेच्या १९६० च्या जनगणनेचे. तिच्या फिती वाचणारी युनिव्हॅक यंत्रे १९७५ च्या सुमारास कालबाह्य झाली होती. पुढे "अमेरिकेने आपली जनगणना गमावली" अशी दंतकथा पसरली आणि ती आजही सांगितली जाते. वस्तुस्थिती अशी की राष्ट्रीय अभिलेखागाराने १९७६ साली यातील कोणती माहिती कायम जपण्याजोगी आहे ते निश्चित केले आणि १९७९ पर्यंत जनगणना विभागाने जवळजवळ सर्व माहिती नव्या फितींवर उतरवली. मला या उदाहरणात दंतकथेपेक्षा वस्तुस्थिती अधिक महत्त्वाची वाटते. जुनी यंत्रे पूर्ण नाहीशी होण्याआधी कोणीतरी प्रश्न विचारला, म्हणून माहिती वाचली.

आमच्या तीन फिती

आता माझ्या कार्यालयाकडे परत येतो. फिती पाव इंची, कार्ट्रिजमधील होत्या. ते कार्ट्रिज वाचणारे यंत्र आम्हीच भंगारात दिलेले. बरीच शोधाशोध केल्यावर एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चालू स्थितीतील यंत्र मिळाले. तेथील एका तरुण अभियंत्याने ते लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला जोडले. अशा कार्ट्रिजच्या आत फीत फिरवणारा एक ताणलेला पट्टा असतो आणि वर्षानुवर्षे पडून राहिला की तो सैल होतो. म्हणून प्रथम प्रत्येक फीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन परत गुंडाळली. मग त्यावरील मजकूर समजून घेण्याच्या फंदात न पडता जसाच्या तसा हार्डडिस्कवर उतरवला. फीत कदाचित एकदाच वाचता येईल, तेव्हा पहिले वाचन हे नकलेसाठीच वापरायचे, हे त्या तरुणाचे सांगणे मी आजही इतरांना सांगतो.

दोन फिती पूर्ण आल्या. तिसरी मध्यभागी तुटली आणि दोन महिन्यांची हजेरी तिच्याबरोबर गेली.

टारची शीर्षके स्वच्छ वाचली गेली. फाईली बाहेर आल्या. कामगारांची नावे दिसली, पण नावांपुढील आकडे निरर्थक होते. कोणत्या स्थानापासून किती घरे कशासाठी, याचा आराखडा प्रोग्राममध्ये होता आणि तो प्रोग्राम या फितींवर नव्हता. शेवटी निवृत्त झालेले आमचे जुने संगणकचालक आठवले. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत. त्यांनी ट्रंकेतून एक वही काढली आणि तिच्या मधल्या पानावर शाईने आखलेला आराखडा होता : नाव वीस घरे, खात्याचा क्रमांक सहा, महिना दोन, कामाचे दिवस दोन. "सर, ही वही कार्यालयात जमा करायची होती, पण कोणी मागितलीच नाही," असे ते म्हणाले. यावर मी काय बोलणार ?

आराखडा लावला तरी दिवसांच्या रकान्यात ६,६५६, ६,४००, ५,८८८ असे आकडे आले. महिन्यात सहा हजार दिवस काम कोणी केले असेल ! त्या तरुणाने ते आकडे कागदावर लिहून प्रत्येकाला २५६ ने भागले. २६, २५, २३. जुने यंत्र मोटोरोलाचे, नवे इंटेलचे. कोहेन यांच्या अंड्याचे टोक आमच्या हजेरीपटात असे निघाले.

बाकीचे दिवस उलगडायला अर्धा तास लागला. २३ पैकी १४ जणांचे दिवस २४० पेक्षा अधिक भरले. चौघांचे भरत नव्हते, आणि त्यांना तसे कारणासह कळवले. उरलेल्या पाच जणांचा निकाल तुटलेल्या दोन महिन्यांवर अवलंबून होता. गोदामाच्या फाटकावरील जुन्या वहीतून तिघांची उपस्थिती सिद्ध झाली. दोघांची झाली नाही. नोंद कार्यालयाच्या निष्काळजीपणाने गेली असेल तर तिचा भार कामगारावर टाकता येणार नाही, असे मी आदेशात लिहिले आणि त्यांनाही पात्र ठरवण्याची शिफारस केली. वरून ती मान्य होऊन आली तेव्हा वर्ष उलटले होते. त्या दोघांपैकी एकजण तोवर हयात नव्हता.

१९९३ साली या सर्वांना "दिवस भरत नाहीत" असे कोणी आणि कशाच्या आधारे सांगितले, ते मला कागदांत सापडले नाही. फितीवर सत्य होते. ते बारा वर्षे कपाटात पडून होते, आणि ते वाचणारे यंत्र मोडीत काढणाऱ्या कागदावर माझी सही होती.

खर्च कोणाचा, लाभ कोणाचा ?

अर्थशास्त्राच्या अंगाने पाहिले तर यात नवल नाही. बॅकअपचा खर्च आज दिसतो, त्याचा लेखा होतो, त्याची नोंदवही असते. पुनर्स्थापनेची चाचणी घेण्याचा त्रास आजच्या अधिकाऱ्याला आणि तिचा लाभ दहा वर्षांनंतरच्या अधिकाऱ्याला किंवा एखाद्या रोजंदारी कामगाराला. तीन वर्षांनी बदली होणाऱ्या माणसाला त्यात कोणतीही ओढ नसते. जेथे ओढ नसते तेथे नियम लागतो.

नियम नाहीत असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ७ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद जपायची तर ती पुढे संदर्भासाठी वापरता येईल अशी उपलब्ध राहिली पाहिजे, आणि मूळ स्वरूपात किंवा मूळ माहिती अचूक दाखवणाऱ्या स्वरूपात असली पाहिजे. म्हणजे कायद्याच्या लेखी न वाचता येणारा बॅकअप ही जपणूकच नव्हे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने अभिलेखांची सूची ठेवण्याची जबाबदारी दिली. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरणही जाहीर केले. उणीव आहे ती नोंदवहीतील पाचव्या रकान्याची.

माझ्या अनुभवावरून सहकाऱ्यांना मी पुढील गोष्टी सुचवतो.

१. दर तीन महिन्यांनी कोणतीही एक जुनी फाईल, ती जेथे तयार झाली त्याहून वेगळ्या संगणकावर आणि वेगळ्या कार्यप्रणालीवर उतरवून उघडावी. उघडणारा माणूसही बॅकअप घेणाऱ्याहून वेगळा असावा.

२. उतरवल्यावर फाईलींची संख्या आणि निदान एका रकान्याची बेरीज मूळ नोंदीशी ताडून पाहावी. "उघडली" म्हणजे "बरोबर आली" असे समजू नये.

३. माहितीसोबत तिचा आराखडा साध्या मजकुरात, आणि एक प्रत कागदावर, ठेवावी.

४. निर्लेखन समितीने यंत्र मोडीत काढण्यापूर्वी, या यंत्राशिवाय न वाचता येणारी कोणतीही नोंद शिल्लक नाही, असा लेखी दाखला घ्यावा.

५. मराठी, हिंदी किंवा अन्य भारतीय भाषेतील मजकूर युनिकोडमध्येच जपावा आणि रूपांतरानंतर तो त्या भाषेच्या जाणकाराने वाचावा.

त्या कार्यालयाच्या नोंदवहीत मी २००६ साली "परत आणून वाचले" असा पाचवा रकाना आखला. नंतर कधी तेथे गेलो नाही, त्यामुळे तो भरला जातो की नाही हे सांगू शकत नाही.

घरापासून दूर असलेल्या माझ्या मराठी वाचकांना एक विनंती. आपल्या मंडळाच्या स्मरणिका, वडिलांनी टंकून घेतलेली कुळाची हकिकत, आजीच्या आवाजातील ओव्या यांपैकी काहीतरी आपल्याकडे जुन्या सीडीवर किंवा फ्लॉपीवर असेल, आणि "आपल्याकडे आहे" या समाधानात आपण असाल. येत्या रविवारी ती सीडी काढा आणि आज घरात असलेल्या संगणकावर लावून पाहा. संगणकात सीडीची खाचच नाही असे आढळले, तर शेजारी, महाविद्यालयात, जुन्या मित्राकडे विचारा. आज असे यंत्र कोणाकडे तरी सापडेल.